पाच मिनिटांचं अंतर

८ फेब्रुवारी, रविवार

आज सकाळी अकरा वाजून सतरा मिनिटांनी माझं बोलणं अर्ध्यावर तोडण्यात आलं. ही वेळ अंदाजाने लिहिलेली नाही. मोबाईलचं स्टॉपवॉच माझ्या हातात चालू होतं. कबूल केली होती दोन मिनिटं. मिळाले अठ्ठेचाळीस सेकंद.

प्रसंग — सोसायटीची सर्वसाधारण सभा. जागा — खालचं पार्किंग, प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन गाड्यांच्या फटीत अध्यक्षांचं टेबल. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. समोरच्याने तोंड उघडलं की त्यांना वाटतं, आता बोलायचं ते आपण. विषय क्रमांक सहा — मागचं गेट एक मार्चपासून कायमचं बंद करणे. कारण — 'सुरक्षितता'. कुणाची, हे कुणी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

मी हात वर केला. सेक्रेटरी म्हणाले, "काकू, दोन मिनिटं हं. दोनच मिनिटं."

मी म्हटलं, "एक मिनिट बावन्न सेकंदांत संपतंय."

लोक हसले. हसण्यासारखं काय होतं त्यात? काल स्वयंपाकघरात घड्याळ समोर ठेवून तीनदा वाचून पाहिलं होतं मी.

पहिली तीन वाक्यं गेट कधी बांधलं, कुणी बांधलं यावर गेली. ही चूक माझी, कबूल. चौथ्या वाक्यात जाऊबाईंचा डोळा येणार होता. तेवढ्यात सेक्रेटरी — "झालं काकू, मुद्दा आला सगळ्यांच्या लक्षात." मुद्दा! जो मी अजून मांडलाच नव्हता तो! दातवाले लगेच, "चला, हात वर करा पटापट." हात वर झाले. कुणी मोजले नाहीत. चहा आला. सगळे उठले.

चौतीस वर्षं ट्रंक एक्स्चेंजमध्ये मी लोकांना मिनिटं मोजून दिली. एकाचंही मिनिट मी अठ्ठेचाळीस सेकंदांचं केलं नाही. आणि इथे तर दोन मिनिटांचे अठ्ठेचाळीस सेकंद!

९ फेब्रुवारी, सोमवार

राग आहे तिथेच आहे. पण नोंद नीट असावी म्हणून लिहिते.

गेटपलीकडे चार पायऱ्या उतरल्या की जाऊबाईंची इमारत. थोरल्या जाऊबाई. वय एकोणऐंशी. दोघी बहिणी नाही की मैत्रिणी नाही — एका घरात दोन भावांना दिलेल्या दोन बायका, एवढंच नातं. दोघे भाऊ गेले. नातं आमच्याकडे राहिलं.

त्यांना काचबिंदू आहे. उजवा डोळा गेल्यातच जमा. डावा टिकवायचा आहे. त्यासाठी सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा, दोन वेळा थेंब. एक बाटली निळ्या टोपणाची, एक पिवळ्या. आधी निळी. मग पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं, नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून. मग पिवळी. पाच मिनिटांच्या आत घातली तर दुसरा थेंब पहिल्याला वाहून नेतो आणि दोन्ही फुकट. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, "पाच म्हणजे पाच, आजी. चार नाही." तो माणूस मला तिथेच आवडला.

जाऊबाईंचा हात थरथरतो. थेंब गालावर पडतो, कानात जातो, डोळा सोडून सगळीकडे जातो. त्यांच्या कामवालीला विचारलं होतं. "भांडी सांगा, लादी सांगा, डोळ्याला हात नाही लावणार बाई." म्हणून मी. गेल्या फेब्रुवारीपासून मी.

माझ्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत गेटमधून सहा मिनिटं. यात माझा गुडघा धरलेला आहे. आज मुद्दाम मोठ्या रस्त्याने चालून पाहिलं. सव्वीस मिनिटं. फूटपाथ अर्धा उखडलेला, उरलेल्या अर्ध्यावर स्कूटर. कोपऱ्यावरचा सिग्नल पायी माणसांना बारा सेकंद देतो. तेवढ्यात मी रस्त्याच्या मध्यावर पोचते. मग मोटारवाले मला हॉर्नने पलीकडे पोचवतात.

दोन वेळा जाणं-येणं. एकशे चार मिनिटं रोज. बाहत्तराव्या वर्षी. दातवाल्यांना हे सांगायचं होतं. पन्नासाव्या सेकंदाला सांगणार होते.

१० फेब्रुवारी, मंगळवार

लेकीला फोन केला. मीटिंगमध्ये होती. "आई, पाच मिनिटांत करते."

११ फेब्रुवारी, बुधवार

सभेच्या इतिवृत्ताची प्रत मागायला सेक्रेटरींच्या घरी गेले. इतिवृत्त म्हटलं की त्यांना कळत नाही. "अच्छा, मिनिट्स का काकू?" हो बाबा, मिनिट्स. ज्यांनी मला मिनिटं दिली नाहीत त्यांचे मिनिट्स.

कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर या शब्दावर फार कडक होत्या. वर्गात कुणी 'जस्ट अ मिनिट, सिस्टर' म्हणालं की त्या हातातलं खाली ठेवायच्या, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायच्या आणि साठ सेकंद उभ्या राहायच्या. सगळा वर्ग उभा. एकसष्टाव्या सेकंदाला — "युवर मिनिट इज ओव्हर. वेल?" त्यानंतर शब्द फुकट वापरायची सवय कुणाला राहिली नाही.

सेक्रेटरी म्हणाले, "एक मिनिट हं काकू," आणि आत गेले. दार लोटलेलं. आत टीव्ही. मी बाहेर, चपलांच्या स्टँडशेजारी. घड्याळ लावलं. चौदा मिनिटं अकरा सेकंद. बाहेर आले ते रिकाम्या हाताने. "अजून टाईप व्हायचेत काकू. सोमवारी देतो नक्की."

"हे सांगायला चौदा मिनिटं?"

"तुम्ही पण ना काकू..." असं म्हणून हसले. हा माणूस सगळ्या प्रश्नांना हसून उत्तर देतो. पण आज नजर चुकवत होता, हे मी पाहिलं. कुठेतरी पाणी मुरतंय.

एकेकाचं मिनिट निराळं असतं, हे मला म्हातारपणी कळतंय. सेक्रेटरींचं चौदाचं. डोळ्यांच्या दवाखान्यात खिडकीतल्या मुलीचं चाळीसचं — "बसा ना आजी, एक मिनिट, नाव पुकारते." गॅस सिलिंडरवाल्याची 'दोन मिनिटं' म्हणजे उद्या. बँकेत 'वन मिनिट मॅडम' म्हणजे साहेब जागेवर नाहीत आणि कुठे आहेत हे आम्हालाही माहीत नाही. प्लंबरचं 'पाच मिनिटांचं काम आहे' — तेव्हा सरळ घरातून निघून जावं, संध्याकाळी परत यावं. आणि कुणी 'एक मिनिट बोलायचंय' म्हणालं की काहीतरी वाईट ऐकायचंय.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

लेकीच्या पाच मिनिटांना आज दोन दिवस झाले.

१४ फेब्रुवारी, शनिवार

लेकीचा फोन आला. गेटचं सांगितलं. म्हणाली, "आई, तू कशाला त्रास करून घेतेस? काकूंकडे एक बाई ठेवून देऊ या का?" मी म्हटलं, थेंब घालायला बाई? थेंबाला किती वेळ लागतो? पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांसाठी बाई? ती म्हणाली, "अगं तेच तर म्हणतेय मी." आम्ही दोघी एकच वाक्य बोलत होतो आणि दोघींचा अर्थ उलटा होता. सोडून दिलं.

संध्याकाळी थेंब. जाऊबाईंचं नेहमीचं — मी आत पाऊल टाकायच्या आधी, "आलीस का धाकटे? सहा वाजून गेले."

"सहाला दोन कमी आहेत. घड्याळ नीट लावा तुमचं."

"माझं घड्याळ बरोबर आहे. तूच हल्ली मागे पडतेयस."

मग चष्मा काढणं, खुर्ची खिडकीकडे वळवणं, मान मागे. निळी. एक थेंब. "दाबा कोपरा." आणि पाच मिनिटं.

ही पाच मिनिटं हा एक निराळाच प्रकार आहे. डोळे मिटलेले असले की जाऊबाई भांडत नाहीत. चव्वेचाळीस वर्षांत मी हे पाहिलं नव्हतं. एरवी कपडे वाळत घालायच्या दोरीपासून गॅसच्या बर्नरपर्यंत, कुठल्याही गोष्टीवरून. डोळे मिटले की आवाज खाली येतो. काहीबाही विचारतात. 'तुझा गुडघा कसाय?' 'धाकट्या भावजींना शेवटी शेवटी तू दिसत होतीस का गं?' समोर बघून त्यांनी हे कधी विचारलं नसतं. मीही समोर बघून उत्तर दिलं नसतं. मी खिडकीबाहेर बघत उत्तर देते.

पाच मिनिटं झाली की पिवळी. डोळे उघडले की लगेच, "गालावर सांडलंस बघ. हात आहे की काय आहे."

१५ फेब्रुवारी, रविवार

आज डोळे मिटलेले असताना म्हणाल्या, "तू माझा फोन कापायचीस."

मी म्हटलं, "चाळीस वर्षं झाली त्याला."

"म्हणून काय झालं? कापायचीसच ना."

खरं आहे. त्यांचा मुलगा दूर शिकायला होता. त्या दर रविवारी शेजाऱ्यांच्या घरून ट्रंक कॉल लावायच्या. माझी रविवारी दुपारची पाळी असली की कॉल माझ्या बोर्डावर यायचा. कानावर हेडफोन, समोर घड्याळ, हातात जोडणीचा दोर. तीन मिनिटांचा एक कॉल. तीन झाली की मध्ये जाऊन सांगायचं — 'तीन मिनिटं झाली, वाढवायचं?' पलीकडे दुसरे लोक रांगेत असायचे. कुणाच्या घरी आजार, कुणाचं लग्न, कुणाचा तार आल्यावरचा जीव टांगलेला. रविवारी वाढवून द्यायचा नाही, असा वरचा हुकूम. मग मी त्यांनाही सांगायची — 'तीन मिनिटं झाली.' आवाज बदलून नाही, अगदी माझ्याच आवाजात. त्या म्हणायच्या, 'एकच मिनिट गं, तो जेवणाचं सांगतोय.' आणि मी दोर काढायची. संध्याकाळी घरी समोरासमोर पाटांवर बसून जेवायचो. बोलायच्या नाहीत.

पाळीवरच्या दुसऱ्या मुली घरच्यांचे कॉल थोडे लांबवायच्या. सगळ्यांना माहीत होतं. मी कधी लांबवला नाही. तेव्हा याचा मला अभिमान होता. अजूनही आहे. पण आज खिडकीबाहेर बघताना वाटलं, जेवणाचं काय सांगत होता तो, ते त्यांना कधी कळलं असेल का.

विचारलं नाही. पाच मिनिटं संपली होती.

१६ फेब्रुवारी, सोमवार

मिनिट्स आले! टाईप केलेले, तीन पानं, शिक्क्यासकट.

विषय क्रमांक सहाखाली असं लिहिलंय — 'श्रीमती (माझा फ्लॅट नंबर) यांनी आपले विचार मांडले. सविस्तर चर्चेनंतर सर्वानुमते ठराव संमत.'

सर्वानुमते! माझं मत धरून सर्व! सविस्तर चर्चा! अठ्ठेचाळीस सेकंदांची सविस्तर चर्चा!

आणि वर आणखी एक ओळ, जी सभेत वाचून दाखवली नव्हती — 'सदर ठराव एका ज्येष्ठ नागरिकाच्या लेखी अर्जावरून मांडण्यात आला. अर्जदाराच्या विनंतीनुसार नाव नमूद केलेले नाही.'

म्हणजे कुणीतरी अर्ज दिला आहे. लेखी. नाव लपवून. समोर यायची हिंमत नाही आणि माझी वाट बंद करायची आहे. ठीक आहे. मीही चौतीस वर्षं लोकांचे आवाज ऐकून माणूस ओळखत होते. हा ज्येष्ठ कोण, ते काढतेच.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

हरकतीचं पत्र दिलं. दोन प्रती. पोच घेतली. 'सर्वानुमते' हा शब्द काढावा आणि अर्ज दाखवावा. सेक्रेटरींनी पोचीवर सही करताना तीनदा सुस्कारा टाकला.

१८ फेब्रुवारी, बुधवार

संशयित क्रमांक एक — तळमजल्यावरची कुत्रेवाली. वय अडुसष्ट, म्हणजे ज्येष्ठ. गेटच्या आवाजाने तिचं कुत्रं भुंकतं आणि तिची दुपारची झोप मोडते, हे तिने मला स्वतः सांगितलेलं.

सरळ बेल वाजवली. "गेट बंद करायचा अर्ज तुम्ही दिलात का?"

"मी? अहो, माझं बाळ दोन वेळा त्याच गेटने बाहेर जातं! मी कशाला देऊ?" बाळ म्हणजे कुत्रं. ते आतून माझ्या पायजम्याचा वास घेत होतं.

"मग हात वर का केलात?"

"सगळ्यांनी केले म्हणून केला. मला वाटलं चहाचं विचारतायत."

या बाईवर मी विश्वास ठेवला. इतकं खोटं कुणाला सुचत नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज जाऊबाईंशी कडाक्याचं भांडण झालं. डोळे उघडे असताना.

मी त्यांना मिनिट्स वाचून दाखवत होते. 'ज्येष्ठ नागरिक' आलं तेव्हा म्हणाल्या, "जाऊ दे ना. बंद होतंय तर होऊ दे गेट."

"होऊ दे? आणि थेंब?"

"बघेन माझं मी."

"कसं बघाल? हात बघा तुमचा! चहाचा कप धरवत नाही."

"नर्स ठेवेन. नाहीतर मुलगा म्हणतोच आहे, तिकडे या म्हणून. जाईन."

"त्याच्याकडे? तिसऱ्या दिवशी परत याल!"

"येईन नाहीतर राहीन. तुला काय करायचंय? तुझ्या मिनिटांवाचून माझं काही अडत नाही, धाकटे. रोज रोज घड्याळ घेऊन यायला मी तुझा बोर्ड नाहीये."

मी निळी घातली, पाच मिनिटं मोजली, पिवळी घातली. वेळ झाली होती म्हणून घातली. टोपण लावलं, बाटल्या डबीत ठेवल्या, निघाले. त्यांनी 'सावकाश जा' म्हटलं नाही. रोज म्हणतात.

वर्षभर दिवसातून दोनदा. सातशे वेळा तरी. आणि काही अडत नाही म्हणे! बरं. नसेल अडत.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी जायचं नाही असं ठरवलं होतं. पावणेआठला चपला घातल्या. डोळा काही भांडला नव्हता माझ्याशी.

दोघीही थेंबाखेरीज काही बोललो नाही. पाच मिनिटं फार लांब असतात. एक्स्चेंजमध्ये हे मला कधी कळलं नाही. तिथे मी नेहमी घड्याळाच्या बाजूने होते.

२२ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी निळी घातल्यावर, डोळे मिटून म्हणाल्या, "परवा जास्त बोलले मी."

मी म्हटलं, "हो."

"तू पण काही कमी नाही बोललीस."

"हो."

"मग झालं तर."

चौथ्या मिनिटाला — "गेटचं मात्र मनातून काढून टाक. हट्ट सोड एकदा तरी."

नाही सोडणार. आता तर मुळीच नाही. एक आठवडा उरलाय.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सोसायटीच्या नियमांचं पुस्तक वाचून काढलं. सभासदाला दप्तर पाहण्याचा अधिकार आहे. कलम शोधून त्यावर खूण घातली आणि सेक्रेटरींकडे गेले.

"मला अर्ज बघायचाय."

"काकू, एक मिनिट ऐका माझं."

"घड्याळ लावते."

या वेळी हसले नाहीत. दारात उभे राहूनच बोलले. "काकू, मी शब्द दिलाय कुणाला तरी. सभेत तुम्हाला मध्ये थांबवलं ना, तेसुद्धा मला बरं वाटलं नाही. माझी आई झोपेतून उठवून विचारते मला, त्या बाईंना का बोलू दिलं नाहीस म्हणून. पण तुम्ही पुढचं बोलला असतात तर सगळ्यांसमोर ते निघालं असतं. नका ना बघू."

"काय निघालं असतं?"

त्यांनी दाराची कडी उगाच मागेपुढे केली.

"कलम अठ्ठावीस," मी पुस्तक पुढे केलं. "तीन दिवसांत दाखवणं बंधनकारक."

त्यांनी पुस्तकाकडे बघितलंही नाही. माझ्याकडे बघितलं. "बुधवारी या. पण काकू, बसून वाचा."

बसून वाचा! मला काय भोवळ येणार आहे? तीस लाईट लागलेला बोर्ड एकटीने सांभाळलाय मी. एक कागद वाचता येईल उभ्याने.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

लेकीचा फोन. गेटचं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. अकरा मिनिटं बोललो, नातवाच्या दाताबद्दल.

२५ फेब्रुवारी, बुधवार

अर्ज पाहिला. हाताने लिहिलेला. अक्षरं बोराएवढी, ओळी एकमेकींवर चढलेल्या. मला सही बघायची गरज पडली नाही. उतरवून आणलाय तो असा —

'माझी धाकटी जाऊ मागच्या गेटने रोज दोनदा माझ्याकडे येते. तिथल्या पायऱ्या मोडल्या आहेत. जानेवारीत ती दोनदा पडली. मला म्हणाली, बाथरूममध्ये घसरले. मी खिडकीतून पाहिलं, मला अजून तेवढं दिसतं. पायऱ्या नव्या करा म्हणून दोन पत्रं दिली, काही झालं नाही. येऊ नकोस म्हटलं तर ती ऐकणाऱ्यातली नाही. थेंब मला माझे घालता येतात. आडवं पडून, बाटली भुवईवर टेकवून. मे महिन्यापासून येतात. हे तिला सांगू नये. सांगितलं असतं तर ती आली नसती. गेट तेवढं बंद करा.'

जानेवारीचं मी या वहीतही लिहिलं नव्हतं.

दुपारी त्यांच्या दाराखालून पत्र सरकवलं. प्रत इथे ठेवते —

'थेंब मे महिन्यापासून तुम्हाला घालता येत होते, तर त्यानंतर मी रोज सकाळ-संध्याकाळ तुमच्याकडे कशासाठी येत होते, याचा खुलासा लेखी करावा. तोंडी उत्तर चालणार नाही. अक्षर कितीही मोठं काढलंत तरी चालेल. मुदत शनिवार, २८ फेब्रुवारी, संध्याकाळी पाच. उत्तर न्यायला मी स्वतः येईन. मोठ्या रस्त्याने.'